पाच दिवे आणि पावतीपुस्तक

१ सप्टेंबर २०२४. रविवार, संध्याकाळचे सहा अठ्ठावीस. तिकडे इटलीत मॉन्झाला वीस गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि इकडे कोथरूडला मी सोफ्याच्या कडेवर एक पाय दुमडून बायकोला फोन लावत होतो. फोन लागत नव्हता. ती तुळशीबागेत होती. गणपतीच्या आदल्या रविवारी तुळशीबागेत शिरलेल्या माणसाशी बोलण्यापेक्षा चंद्रावरच्या यानाशी बोलणं सोपं. तसं मला तिच्याशी बोलायचंच नव्हतं. तिच्या फोनवर आलेल्या सहा आकड्यांशी बोलायचं होतं.

घोळ माझाच होता. शर्यती बघायच्या ॲपचा पास संपला होता. अख्ख्या हंगामाचे पैसे एकदम भरायला माझा हात धजत नाही. मी दर शर्यतीला सुटा पास घेतो आणि डिसेंबरात हिशोब करतो तेव्हा हंगामाच्या पासापेक्षा जास्त पैसे गेलेले असतात. पण सुटे गेलेले असतात, त्यामुळे लागत नाहीत. कार्ड बायकोचं, नंबर बायकोचा, ओटीपी बायकोला. माझ्या कार्डावरून अशा गोष्टींचे पैसे भरायचे नाहीत, असा आमच्या घरात एक ठराव आहे. तो एकमताने मंजूर झाला होता, ते एक मत कोणाचं हे सांगायला नको.

ज्यांना फॉर्म्युला वनची बाधा झालेली नाही त्यांना सांगतो : या शर्यतीच्या सुरुवातीला पाच लाल दिवे एकेक करून लागतात आणि मग पाचही एकदम विझतात. दिवे विझले की शर्यत सुरू. आमच्याकडे नवीन कामाची सुरुवात दिवा लावून होते, त्यांच्याकडे विझवून. बाकी त्या एका क्षणासाठी दोन आठवडे थांबलेल्या माणसाला ‘जरा दहा मिनिटांनी बघ’ असं सांगणं म्हणजे लग्नाला आलेल्या माणसाला मंगलाष्टकं संपल्यावर अक्षता देण्यासारखं आहे.

सहा एकोणतीसला बेल वाजली. मी बायकोच समजून धावलो. दारात चार पोरं. सगळ्यात पुढच्याच्या हातात पावतीपुस्तक.

“काका, वर्गणी.”

“थांबा रे जरा,” मी म्हणालो, “आधी माझी वर्गणी भरून होऊ दे.”

बोलून गेलो आणि माझा मीच चपापलो. सबस्क्रिप्शनला मराठीत वर्गणीच म्हणतात की! मासिकाची वर्गणी, ग्रंथालयाची वर्गणी, मंडळाची वर्गणी. माणूस वर्गणीदार होतो यात काही कमीपणा नव्हता कधी. मग या ॲपची वर्गणी भरताना मला खिसा कापल्यासारखं का होतं? पोरांना दारात उभं ठेवून मी विचारात पडलो. पोरांना वाटलं, काका पाचशे द्यावेत की दोनशे, याच्या विचारात पडले.

आमच्या घरी फॉर्म्युला वन आली ती न बोलावता. घर म्हणजे कोल्हापूरचं आजोळ. मामांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं आणि मी त्यांच्याकडे राहून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, दुसऱ्यांदा. केबलवाला दर महिन्याच्या पाच तारखेला यायचा, पैसे न्यायचा, दाराआड टांगलेल्या कार्डावर सही ठोकायचा. त्या पैशांत नेमकं काय काय येतं हे त्यालाही ठाऊक नसावं. रोज रात्री तो कुठल्यातरी वाहिन्यांची अदलाबदल करायचा. काल जिथं भजन होतं तिथं आज कुस्ती, जिथं कुस्ती तिथं साड्यांची जाहिरात. अशाच एका रविवारी आजी सह्याद्री लावायला गेली आणि पडद्यावर लाल रंगाची एक चपटी गाडी चेकाळल्यासारखी ओरडत आली. आजीच्या मांडीवर लसणाचं ताट होतं आणि रिमोट लांब पडला होता. तेवढ्यावर आमच्या घराण्यात मोटारस्पोर्टचा प्रवेश झाला.

तेव्हा युरोपातल्या शर्यती आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला सुरू व्हायच्या आणि सातच्या आत-बाहेर संपायच्या. सात वाजता सह्याद्रीच्या बातम्या. आजीच्या दिवसात साडेपाच ते सात हा वेळ रिकामाच असायचा. दिवेलागण झाली की स्वयंपाक, त्याआधी निवडणं-टिपणं. म्हणजे युरोपातल्या सगळ्या शर्यतींचं वेळापत्रक जणू कोल्हापुरातल्या एका म्हातारीच्या लसणाशी जुळवून ठेवलेलं होतं. तिला शूमाकर हे नाव कधी जमलं नाही. ती त्याला ‘लाल’ म्हणायची. बाकीच्या सगळ्यांना मिळून ‘बाकीचे’. २००० ते २००४ अशी सलग पाच वर्षं शूमाकरच जगज्जेता झाला, त्यामुळे या वर्गीकरणात तिचं कुठं अडलं नाही. अपघात झाला की सेफ्टी कार यायची आणि तिच्यामागून सगळ्या गाड्या हळूहळू, शहाण्यासारख्या चालायच्या. आजी म्हणायची, “वरात निघाली. लसूण झाला, आता जरा मिरच्या आण.”

रविवारी वर्कशॉप बंद. पण दोन मिस्त्री चहाच्या निमित्ताने घरी डोकवायचे आणि टीव्हीसमोर उकिडवे बसायचे. त्यांना कोण जिंकतंय याच्याशी घेणं नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष पिटमध्ये. तेव्हा पिटमध्ये पेट्रोलही भरायचे. गाडी थांबली, चार चाकं निघाली, चार लागली, नळी बसली, नळी निघाली, गाडी गेली. आठ सेकंद. थोरला मिस्त्री पहिल्यांदा गप्पच झाला. मग म्हणाला, “आरं आठ सेकंदात आपल्या हितं जॅक सापडत न्हाई.” धाकट्याने बारकावा काढला : एका चाकाला एकच नट आहे, चार नव्हे. मग मामा म्हणाले, “नट एक आसूदे न्हाईतर चार, मानसं किती हाईत बघ. वीस! मला वीस मानसं दे, मी तुझ्या बुलेटचं इंजिन चहा व्हायच्या आत खोलतो.” इंजिनाच्या आवाजावर मामांचा खास जीव. त्या वेळची दहा सिलिंडरची इंजिनं मिनिटाला १८,००० च्या आसपास फेरे घ्यायची. उद्यमनगरात ज्या इंजिनांवर मामांची हयात गेली ती शेतावरची ऑइल इंजिनं. त्यांचे फेरे मोजता मोजता माणूस एखादी डुलकी काढू शकतो. मामा आवाज वाढवायचे, डोळे मिटायचे आणि मान डोलवायचे. बघणाऱ्याला वाटावं, किशोरीताईंची सीडी लावलीय.

आणि १२ मे २००२. ऑस्ट्रिया. बॅरिकेलो सुरुवातीपासून पुढे, शूमाकर मागे. दोघंही फेरारीचे, दोन्ही गाड्या लाल, म्हणजे आजीच्या लेखी दोघंही घरचेच. शेवटच्या फेरीत, अगदी रेषेच्या तोंडाशी, बॅरिकेलोने गाडी हळू केली आणि शूमाकर पुढे निघून गेला. वरून तसा हुकूमच होता. स्टॅन्डमधल्या लोकांनी हुर्यो उडवली. शूमाकर इतका ओशाळला की बक्षिसाच्या वेळी त्याने बॅरिकेलोला ओढून सगळ्यात वरच्या पायरीवर उभं केलं. फेरारीला पुढे दहा लाख डॉलर दंड झाला. गंमत बघा, तो गाडी थांबवायला लावल्याबद्दल नाही. पायऱ्यांची अदलाबदल केल्याबद्दल! आजीला हे सगळं कोणी समजावून सांगावं लागलं नाही. कॉमेंट्री इंग्रजी, तिला त्यातला एक शब्द कळत नव्हता. तिने लसणाचं ताट बाजूला ठेवलं. “थोरल्याला पुढं घालायला धाकट्याला थांबवलं. आमच्या वरच्या रानाच्या वाटणीला असंच झालंतं.” त्या दिवशी घरात बातम्या लागल्या नाहीत. वाटणीचा तो इतिहास मामींना पस्तीस वर्षांत कोणी सांगितला नव्हता. तो ऑस्ट्रियामार्गे कळला.

२००५ मध्ये नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघाकडून उतरला. पहिला भारतीय. वेगळे पैसे न मोजता घरात आलेल्या खेळात अचानक आपला माणूस! मग उद्यमनगरातले आणखी चार जण यायला लागले. त्या जूनमध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला टायरचा असा काही घोळ झाला की मिशेलिनचे टायर असलेल्या चौदा गाड्या सुरुवातीचा फेरा मारून सरळ आत निघून गेल्या. राहिल्या सहा. त्या सहांत कार्तिकेयन चौथा आला आणि भारताच्या खात्यात गुण पडले. रात्री उशिराची शर्यत, सगळे जागे. मामांनी बाहेर ओट्यावर जाऊन डबल बार लावला. सहांत चौथा आल्याबद्दल फटाके वाजवणारं हे जगातलं एकमेव घर असावं. मी मात्र बोध घेतला. त्या वर्षी माझ्या निकालाच्या वेळी मीही सांगून पाहिलं की वर्गातले चौदा जण परीक्षेला बसलेच नव्हते. उपयोग झाला नाही.

आता यातलं काहीही आम्ही ‘निवडलं’ नव्हतं. कुणी अर्ज भरला नव्हता, ‘मी मोटारस्पोर्टचा चाहता आहे’ या चौकोनात टिचकी मारली नव्हती. रिमोट लांब पडला होता, एवढंच.

पैसे भरून बघायच्या टीव्हीची पहिली झळ मला लागली ती मावसभावामुळे. तो नोकरीनिमित्त इंग्लंडात मिल्टन कीन्सला. गावातच रेड बुल संघाचा कारखाना, शर्यतीचं सिल्व्हरस्टोन गाडीने अर्ध्या तासावर. आमच्या दृष्टीने तो साक्षात पंढरपुरात भाड्याने राहत होता. २०११ च्या जुलैत तिकडे बातमी फुटली : पुढच्या वर्षापासून बीबीसी निम्म्याच शर्यती थेट दाखवणार, सगळ्या पाहिजेत तर स्कायची वर्गणी भरा. त्याला ते पटेना. “वर्षाला १४५ पौंड ५० पेन्स देतो मी टीव्हीच्या लायसन्सचे,” तो फोनवर ओरडत होता, “वर आणखी पैसे? यांच्याच गावात राहतो, यांच्याच रस्त्यावर यांच्याच ट्रकांमागे अडकतो!” आम्ही इकडे समजूत घालत होतो, पण मनातून जरा बरंही वाटत होतं. परदेशातला नातेवाईक एखाद्या बाबतीत आपल्यापेक्षा गरीब निघणं ही गोष्ट रोज घडत नाही.

२०१२ ची पहिली शर्यत मेलबर्नला. बीबीसीवर ती थेट नव्हती, नंतर सारांश तेवढा. कोल्हापुरात रविवारी सकाळी साडेअकरा, इंग्लंडात पहाटेचे सहा. भावाने स्काइप लावलं. टीव्हीवर कॅमेरा रोखायचा तर आमच्या इंटरनेटला तेवढा दम नव्हता, म्हणून नुसता आवाज. मी कॉमेंट्री करायला बसलो आणि पहिल्याच वळणावर मामांनी माझ्याकडून ती काढून घेतली. “हॅमिल्टन म्होरं हुता… न्हाई, गेला! बटण गेलं म्होरं! आरं बटण दाबलं त्येनं!” जेन्सन बटन ती शर्यत शेवटपर्यंत पुढे राहून जिंकला. म्हणजे इंग्लंडच्या गाडीतून इंग्लंडचा माणूस जिंकला आणि इंग्लंडात बसलेल्या माणसाला ते उद्यमनगरातून कळलं. मावशींना मात्र दोन तास चाललेल्या या कॉलची काळजी. त्या मध्येच मागून विचारायच्या, “जेवलास का रं?” भाऊ म्हणायचा, “आई, पहाटेचे सात वाजलेत.” “मग दूध घे.”

२०१९ पासून तर इंग्लंडात सगळं थेट प्रक्षेपण स्कायकडेच गेलं. त्यांची घरची शर्यत तेवढी फुकट. आता कुणी म्हणेल, सरकार काय करतंय? तर तिकडे एक यादी आहे. काही खेळ राष्ट्राचे मानायचे आणि ते फुकट टीव्हीला मिळण्याची सोय ठेवायची. त्या यादीत ग्रँड नॅशनल आहे, डर्बी आहे. दोन्ही घोड्यांच्या शर्यती. ब्रिटिश ग्रां प्री नाही. म्हणजे चार पायांचा घोडा यादीत, हजार अश्वशक्तीची गाडी बाहेर. आपल्याकडेही २००७ चा कायदा आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या खेळांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावंच लागतं. तो क्रिकेटवरून झालेल्या भांडणातून आला, आणि त्या यादीत आमच्या गाड्यांना कुणी विचारलं नाही. मी हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, बैलगाडीची शर्यत आहे का त्यात? नाही म्हटल्यावर ते आमच्या गाड्यांसाठी भांडायला तयार होईनात.

मध्यंतरी तीन वर्षं हा खेळ आपल्या देशातच येऊन गेला. ग्रेटर नोएडात बुद्ध सर्किट बांधलं. २०११ मध्ये सरावाच्या पहिल्याच सत्रात एक गावठी कुत्रं ट्रॅकवर शिरलं आणि सत्र थांबवावं लागलं. मी ते टीव्हीवर पाहिलं. लोकांनी हजारो रुपयांची तिकिटं काढली होती आणि सगळ्यात जवळून दर्शन ज्याला मिळालं तो फुकट्या होता. तिन्ही वर्षं रेड बुलचा वेटेल जिंकला. तिसऱ्यांदा त्याने गाडी गरागरा फिरवली, उतरला आणि गाडीपुढे गुडघे टेकले. खंडेनवमीला मामा लेथपुढे टेकतात तसे. त्याबद्दल त्याच्या संघाला पंचवीस हजार युरो दंड झाला. श्रद्धेवर एवढा कर आपल्याकडेही नाही. कर मात्र होता : हा खेळ नव्हे, करमणूक आहे, असं उत्तर प्रदेश सरकारचं म्हणणं पडलं, आणि करमणूक कर आला. २०१४ पासून शर्यत गेली ती गेलीच.

मी पुण्याला आलो, केबल जाऊन डबा आला, आणि २०१९ मध्ये ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाच्या नव्या नियमांनी ‘तुम्हाला हव्या त्याच वाहिन्या निवडा’ असा वर मिळाला. वर म्हणायचं, पण तो भस्मासुराला मिळाला होता तसा. आमच्या घरात कागद-पेन घेऊन बैठक बसली. १३० रुपये तर नुसते डब्यातून वाहिन्या येण्याचेच, वर कर. त्यापुढे वाहिनीगणिक पैसे. गठ्ठ्यात घालायची असेल तर वाहिनीची किंमत १९ रुपयांच्या वर न्यायची नाही असा नियम होता. तेव्हा कितीतरी वाहिन्यांना आपली लायकी बरोबर १९ रुपयांचीच आहे असा साक्षात्कार झाला. बायकोने मालिकांच्या वाहिन्या लिहिल्या, आईने भक्तीच्या, मुलीने कार्टूनच्या. माझी शर्यतींची वाहिनी सर्वात शेवटी. “ही कशाला? महिन्यातून दोनदा तर असते,” बायको म्हणाली. सत्यनारायणही महिन्याला नसतो, पण म्हणून कुणी देव्हारा परत करतं का? हे मी मनात म्हणालो. वाहिनी घेतली, त्यासाठी मला क्रिकेटची एक वाहिनी सोडावी लागली. त्यात माझं काही जाणार नव्हतं, पण ते शेजारच्या जोशीकाकांना कळलं आणि ते आठवडाभर माझ्याकडे देशद्रोह्याकडे बघावं तसे बघत होते.

त्या बैठकीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. वाहिन्या ‘निवडायच्या’ म्हटल्यावर लसणाच्या ताटाचं काम संपलं. निवडलेलीच गोष्ट घरात येणार. चुकून काही येणार नाही. आजी तेव्हा नव्हती, त्यामुळे हरकत कुणी घ्यायची?

२०२२ चा हंगाम संपला आणि शर्यती टीव्हीवरून पार गेल्या. २०२३ मध्ये भारतातल्या एकाही वाहिनीवर फॉर्म्युला वन नव्हती. त्यांचं स्वतःचं ॲप आलं, पुढच्या वर्षी हक्क दुसऱ्या ॲपकडे गेले. नवं ॲप, नवा पासवर्ड, नव्याने ठराव. पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह पाहिजे. माझ्याकडे फक्त एक भावना होती.

खोटं कशाला बोलू, दाखवतात फार उत्तम. टीव्हीवर ऐन वेळी जाहिरात यायची. गाडी गाडीला ओलांडायला बघते आहे तोच बनियन. आता मध्ये काही येत नाही. हव्या त्या ड्रायव्हरच्या डोक्यावरून बघा, त्याचं संघाशी चाललेलं बोलणं ऐका. शूमाकरच्या काळात आठ सेकंद लागायचे तिथं २०२३ मध्ये कतारला मॅक्लारेनने चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली. मी ते फोनवर मागे-पुढे करून अकरा वेळा पाहिलं. अकरा गुणिले १.८०, म्हणजे जवळजवळ वीस सेकंद, मी त्या रात्री जगातला सगळ्यात सुखी माणूस होतो. मग इकडे तिकडे पाहिलं. बेडरूमचं दार लोटलेलं, कानात इयरफोन, बायको बाहेर मालिका बघत, मुलगी तिच्या खोलीत तिच्या फोनवर. ‘आरं जॅक तरी सापडंल का’ असं म्हणायला कुणी नाही. मी मामांना क्लिप पाठवली. दोन निळ्या खुणा उमटल्या. दुसऱ्या दिवशी अंगठा आला.

आणि हे ‘थेट’ म्हणजे काय, तर थेट नव्हेच. माझ्याकडचं चित्र अर्धा-पाऊण मिनिट मागे. भाच्याचा फोन वेगळा, त्याचं इंटरनेट वेगळं, त्यामुळे तो भविष्यात राहतो. माझ्याकडे दोघं शेजारी शेजारी वळणात शिरत असतात आणि वरून भाच्याचा मेसेज उतरतो : ‘ठोकली!!!’ मग मी ते वळण स्थितप्रज्ञासारखं बघतो. गीतेत सांगितलेली ती अवस्था गाठायला एक शर्यतींचं ॲप आणि एक भाचा पुरतो.

असो. तर दारात चार पोरं.

“काका, नंतर येऊ का?” पावतीपुस्तकवाला म्हणाला. त्याची नजर माझ्या खांद्यावरून टीव्हीकडे गेली. पडद्यावर ‘ओटीपी टाका’ आणि खाली उलटे मोजले जाणारे सेकंद. “मॉन्झा?” तो म्हणाला.

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. बी विंगमधला, तिसऱ्या मजल्यावरचा. लिफ्टमध्ये नेहमी मान खाली घालून असतो, त्यामुळे त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होतो. नेटफ्लिक्सवरची फॉर्म्युला वनची मालिका बघून त्याला हा नाद लागला होता आणि त्याच्याकडे अख्ख्या हंगामाचा पास होता. एकोणीस वर्षांच्या पोराकडे हंगामाचा, आणि माझ्याकडे सुटा, तोही ओटीपीच्या उंबऱ्यावर अडकलेला.

“मी टाकू का माझं लॉगइन? आम्ही आज पूर्ण ए विंग करणार होतो…”

“ए विंग कुठं पळून जात नाही,” मी म्हणालो.

चपला निघाल्या. लॉगइन होऊन चित्र येईपर्यंत काही फेऱ्या होऊन गेल्या होत्या. दोन केशरी मॅक्लारेनमध्ये एक लाल घुसली होती. बाकीच्या तीन पोरांना यातलं काही माहीत नव्हतं. ती पोह्यांच्या आशेने बसली आणि दहा मिनिटांनी विचारायला लागली. लाल कोण? लक्लेर. मोनॅकोचा. आणि ते केशरी सारखे आत का जातात? टायर घासतात म्हणून. मग लाल का जात नाही? हाच तर प्रश्न होता. मॅक्लारेनवाले दोनदा थांबले, लक्लेर एकदाच, आणि आता घासलेल्या टायरवर तो रेटत चालला होता, मागून मॅक्लारेनचा पियास्त्री ताज्या टायरवर दर फेरीला जवळ येत होता. सगळ्यात धाकटं पोर, ज्याला ढोलपथकातून वर्गणीच्या कामाला लावलं होतं, ते गुडघ्यांवर पावतीपुस्तकाने ताल धरू लागलं.

मधल्या एका फेरीत मी त्याला विचारलं, वर्गणी कुणी दिलीच नाही तर?

“नाही दिली तर नाही दिली. ४०२ वाले कधीच देत नाहीत,” तो म्हणाला. “पण आरतीला येतात. मोदकाला तर पहिले.”

“आणि तुम्ही देता?”

“मग काय काका, मांडवाला दार लावायचं का?”

बी विंगवाला हसला. “ओटीपी ठेवायचा. ‘सुखकर्ता’ सुरू व्हायच्या आधी सहा आकडे.”

शेवटच्या चार फेऱ्या आम्ही पाचही जण उभे होतो. जोशीकाका आवाज ऐकून दारात आले, क्रिकेट नाही म्हटल्यावर जायला वळले आणि का कोण जाणे, गेले नाहीत. लक्लेर अडीच-तीन सेकंदांनी राहिला पुढे. फेरारी, इटलीत, मॉन्झात. लोकांनी कुंपणं ओलांडली आणि सगळा रस्ता माणसांनी भरून गेला. लाल झेंडे, लाल टोप्या, लाल धूर, कुणाच्या खांद्यावर पोर, कुणाच्या डोक्यावर पोर. “विसर्जन,” ढोलपथकवाला म्हणाला. आजी असती तर जत्रा म्हणाली असती.

मी मामांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन टीव्हीकडे फिरवला. मामांना आता नीट दिसत नाही. “लाल का?” त्यांनी विचारलं. लाल, म्हटलं. “आन ही पोरं कुणाची?” वर्गणीवाली, म्हटलं. “मग दे की जरा हात सैल सोडून!”

पावतीपुस्तक उघडलं. मी पाचशे एकचा बेत हजार एकवर नेला. पोराने पेन थुंकी लावल्यासारखं झटकलं आणि विचारलं, “नाव तुमचंच टाकू ना काका?”

“मामांचं टाक. हस्ते माझं.”

तो लिहीत होता तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं. बायको दोन्ही हातांत मखर, माळा आणि कसल्यातरी झिरमिळ्या सांभाळत आली आणि दारातल्या पाच जोड चपलांपाशी थबकली. आत पोरं, जोशीकाका, टीव्हीवर लाल धूर आणि फोनमधून मामा.

“अहो, तो तुमचा नंबर आला होता,” ती म्हणाली. “सांगू का?”